पडद्यामागची गोळी

"थुंकलीस?" मावशीने विचारलं.

भिंगरीने ओठ घट्ट मिटून घेतले. दुकानात मापं घेण्यासाठी लावलेल्या पडद्यामागे ओली गोळी फरशीवर पडली होती.

"रोज मीच का? काकूची पोरगी तर नाही घेत."

"तुझं रक्त कमी आहे ना, बाई."

"इतकी वर्षं? मग वाढत का नाही?"

मावशीने वाकून गोळी चिंधीत उचलली. ती काही भिंगरीची सख्खी मावशी नव्हे. या शिवणवालीला अख्खी गल्लीच मावशी म्हणे. ज्यांचे आईबाप एचआयव्ही मागे ठेवून गेले, अशी वस्तीतली मुलं दवाखान्यातल्या नर्सने काही बायांमध्ये वाटून दिली होती. ज्यांच्या घरात गोळ्या ठेवायची चोरी, त्यांच्या गोळ्या या बाया सांभाळत. भिंगरी मावशीच्या वाट्याला आली. लोकांना सांगायचं, पोरगी शिवण शिकते.

संध्याकाळी मावशी भिंगरीच्या काकूकडे गेली. काकूने तिला जिन्यातच थोपवलं.

"पोर मोठी झाली. आता तिला सांगायला हवं," मावशी म्हणाली.

"सांगा की. आणि मग तुमच्याकडेच ठेवून घ्या. तिच्या काकांनासुद्धा मी बोललेले नाही. एकदा षट्कर्णी झालं की माझ्या पोरीला कोण पत्करेल?" काकूचे डोळे भरून आले. "जेवूखाऊ घालते, पोरीशेजारी निजवते. आणखी काय करू, तुम्हीच सांगा."

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर भिंगरीचं छप्पर जाणार, न सांगावं तर ती गोळ्या थुंकणार. घरी आणावी, तर मावशीच्या घरात मुलगा-सून, तान्हा नातू. आणि त्यांना खुद्द मावशीचंच काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली. मावशीने पडदा ओढला, चिंध्यांच्या पिशवीत हात घातला आणि स्वतःची बाटली काढून तिच्या बाटलीशेजारी ठेवली. दोन्हींवर औषधाचं नाव एकच होतं.

"तुझ्याबद्दल बोलणार नाही, असा तुझ्या काकूला शब्द दिलाय मी. माझ्याबद्दल नाही दिलेला."

भिंगरीने दोन्ही बाटल्यांवरची नावं वाचली. "तुमच्या घरी माहितीये?"

"नाही."

"मला आजाराचं नाव ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "केव्हाचं. कुणीतरी आपणहून बोलेल म्हणून थांबले होते." मग बाटलीवर बोट फिरवत, "माझी आईपण या गोळ्या घ्यायची?"

"तिला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता."

भिंगरीने गोळी घेतली. पाणी पितेय तोच पडदा सरकला. फ्रॉक न्यायला आलेल्या बाईने आत डोकावून पाहिलं.

"दोन-दोन बाटल्या? कसलं गं औषध?"

"मावशीच्या गुडघ्यांचं," भिंगरीने तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. "जिना चढवत नाही त्यांना. तुमचा फ्रॉक कुठला, निळा का?"

मावशीला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

बाई गेल्यावर भिंगरीने विचारलं, "बरोबर बोलले ना?"

मावशीने मान डोलावली आणि मशीनवर जाऊन बसली. किती तरी वेळ तिचे पाय चालत राहिले. सुईखाली कापड नव्हतं.