बुडावरचा बाण

खळ्ळ. माझं झाकण हललं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. घरधनीण नोनी दचकली. पाणी उकळलं होतं, एवढंच. पण टेबलाशी तीन तरुण बसले होते, मांडीवर बंदुका घेऊन. त्यांना चहा हवा होता, आणि त्यासाठी मला तिरपं करावं लागणार होतं.

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, मॉर्टी ड्रिस्कॉलच्या चुलीवर आकड्याला टांगलेली असते. माझा जन्म मात्र इंग्रजांच्या आरमारी गोदीतला. तांबटानं मला ठोकून घडवलं आणि बुडावर एक बाण उमटवला. तो बाण म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या मालमत्तेची खूण.

त्या बाणासकट मी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर गेले. मॉर्टी तेव्हा आरमारात साधा खलाशी होता. खांद्याला पट्टे बांधून माणसंच घसरगाडी ओढत. परतताना अन्न संपत आलं आणि एका साहेबाचे पाय गेले. मॉर्टीनं त्याला गाडीवर घेतलं. तंबूत वाटे घालायची एक रीत होती. एकानं पाठ फिरवायची. दुसऱ्यानं कप भरून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, वाटा त्याचा. मॉर्टीची पाळी असली की तो कान देऊन माझी धार ऐकायचा. धार लांबली की साहेबाचं नाव घ्यायचा. कोणाला कळलं नाही. मला कळत होतं.

साहेब वाचला. पुढे त्याच्या तसबिरी छापून आल्या. मॉर्टीचं नाव कुठेच आलं नाही. त्याच्या वाट्याला एक पदक आलं, आणि मी.

तो नोनीशी लग्न करून तिच्या गावी येऊन राहिला तेव्हा माझी कोण ऐट. नोनी मला चकचकीत ठेवायची. मॉर्टी आपल्या लहानग्या लेकीला, पेगीला, मांडीवर घेऊन बर्फाच्या गोष्टी सांगायचा. मग इंग्रजांविरुद्ध लढाई पेटली. पलीकडच्या गावात राजाची चाकरी केलेल्या एका म्हाताऱ्याला बंडखोरांनी इंग्रजांचा खबऱ्या ठरवून उचलून नेलं. तो परत आला नाही. नोनीनं पदक कांद्याच्या वाफ्यात पुरलं.

"कोणी विचारलं तर तू मालवाहू बोटीवर होतास," ती मॉर्टीला म्हणाली. "आणि गोष्टी बंद."

मला तिनं घासायचं सोडलं. काजळी चढली, बाण बुजला. भांडी स्वच्छ ठेवा, असं खरं तर मी तुम्हांला सांगायचं. पण मला ती काजळी पांघरुणासारखी वाटायची.

उद्या पाद्री आमच्या घरी येऊन प्रार्थना म्हणणार होते. पाळीपाळीनं प्रत्येक घरी येतात, आणि त्या आधी घर घासूनपुसून निघतं. आईला तेवढीच मदत, म्हणून पेगीनं मला वाळूनं लख्ख घासून ठेवलं. नोनी विहिरीवरून परतली ती या तिघा बंडखोरांच्या सोबतच.

"काय मॉर्टी, मासळी लागते का, की नुसतंच पाणी गाळताय?" तिघांतला लोहाराचा डिनी म्हणाला.

"तुझ्या चहापुरतं पाणी तरी मिळतंय ना."

बाकीचे दोघं हसले. नोनीनं मला उचललं. माझं बूड लपवायला ती इतकी वाकडी वळली, की उकळतं पाणी तिच्या पायाशी सांडलं.

"भाजाल नोनीबाई, द्या इकडे." डिनीनं मला घेतलं, तिरपं केलं आणि धार मध्येच थांबली. तो माझ्या बुडाकडे बघत होता. मग त्यानं मॉर्टीकडे पाहिलं. मॉर्टी जागचा हलला नाही.

"काय रे, आटली का किटली?" मागून एकानं विचारलं.

"भोक पडलंय का बघतोय. गळते वाटतं." डिनीनं चहा पुरा केला आणि मला आकड्याला अडकवलं, बूड भिंतीकडे करून.

जाताना तो दारात मागे राहिला. "आज मी ओतला," तो नोनीला हळूच म्हणाला. "उद्या दुसरा कोणी ओतेल."

पावलं दूर गेल्यावर मॉर्टीनं मला खाली घेतलं आणि धुराड्यातली काजळी बोटांनी माझ्या बुडावर चोळायला लागला. पेगी आपली मेहनत काळी होताना बघत राहिली. 

"मॅमी," तिनं विचारलं, "डॅडींनी बर्फात असं काय वाईट केलं होतं?"

मॉर्टीचा हात थांबला. नोनीनं दार लावलं आणि पेगीला उचलून त्याच्या मांडीवर बसवलं.