चार बोटांची जागा

मी एक गाडी बोलतेय. साधीसुधी समजू नका हं! चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचणारी, चामड्याच्या सीटांची, छताला काचेची खिडकी असलेली परदेशी कंपनीची गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही. ते नाव लावून मिरवायचे दिवस आता सरले. आता मी चिखलीत एका पत्र्याच्या शेडखाली राहते, शेजारी एक सायकल आणि तुरीच्या पेंढ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर याहून सुखाची जागा मला आजवर मिळालेली नाही.

माझं पहिलं घर पुण्याचं. साहेब मोठे हौशी. त्यांनी मला निवडलं ते रंग पाहून. माझ्या गिअरपाशी एक गोल बटण आहे. ते फिरवलं की चारही चाकं एकजुटीनं ओढायला लागतात. चिखल, वाळू, डोंगर, सगळ्यासाठी ते केलेलं. साहेबांनी पाच वर्षांत ते बटण एकदाही फिरवलं नाही. माझ्या टायरांना लागलेला सगळ्यात मोठा चिखल म्हणजे एका हॉटेलच्या हिरवळीवरचा, आणि तोही साहेबांनी तिथल्या तिथे धुऊन घेतला. माणसं ज्या गोष्टीसाठी जास्त मोजतात तीच कमी वापरतात, हे मला तेव्हाच उमगलं.

मग मी देऊळगाव राजाला आले. तिथल्या गोविंदा नावाच्या शेतकऱ्याची काही जमीन नव्या महामार्गात गेली, मोबदला आला आणि मोबदल्यातून मी. आल्या दिवशी बालाजीच्या देवळापुढे मला हार घातला, पेढे वाटले, पोराटोरांनी माझ्यासोबत फोटो काढले. गोविंदाची आई झुंबरबाई गुडघ्यांनी बेजार होती. माझ्यात एक सोय आहे. बटण दाबलं की मी चारही कोपऱ्यांवर हळूच खाली बसते, माणूस आत आला की पुन्हा उठते. झुंबरबाईनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि तोंडाला पदरच लावला.

"गाय बसल्यावानी बसती की रे ही! इचारून बसती!"

त्या म्हातारीसाठी मी दहादा बसले असते. पण गोविंदाला पुढं हिशेब कळला. एक लिटर डिझेलमध्ये मी आठ किलोमीटर जाते. सर्व्हिसिंगला थेट संभाजीनगर गाठावं लागतं. टायर बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदारानं किंमत सांगितली आणि गोविंदा मटकन खालीच बसला.

"एका टायरात दुभती म्हैस येती, माय," तो घरी येऊन म्हणाला.

त्यानंतर मी लिंबाखाली उभी राहिले. आधी लग्नापुरती निघायचे, मग तेवढीही नाही. माझ्या बॉनेटवर पापड वाळले, चाकामागे कोंबडीनं अंडी घातली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, निदान कुणीतरी जवळ येत होतं! पण उभ्या उभ्या माझ्या अंगात एक खोट शिरली.

ती खोट नीट सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. माझ्या चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार कोपऱ्यांत रबराच्या चार हवेच्या पिशव्या आहेत. त्यांच्यावर मी तोललेली असते. डाव्या मागच्या पिशवीचं रबर उन्हात तडकलं. रात्रभरात तिच्यातली हवा निघून जाते आणि सकाळी माझा तो कोपरा खाली बसलेला असतो. इंजिन चालू केलं की पंप हवा भरतो, पाच मिनिटांत मी पुन्हा ताठ. कुणाला काही कळत नाही. पण पंपाला मग उसंत राहत नाही. एक दिवस तो जळतो, आणि तो जळला की मी असेन तिथे बसते ती उठतच नाही.

गोविंदानं मला चिखलीच्या इंद्रभानला विकलं. इंद्रभानचा जुन्या गाड्यांचा धंदा, खामगाव रोडला. माणूस तसा वाईट नाही, पण तोंडात साखर जरा जास्तच. त्यानं मला चकचकीत केलं, आत अत्तर मारलं आणि माझी खोट दोन दिवसांत ओळखली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला तो कधीच नऊच्या आधी बोलवत नसे. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी येऊन मला चालू करायचा. गिऱ्हाईक यायचं, हॉर्न वाजवायचं, छताची काच उघडून मान बाहेर काढायचं, फोटो काढायचं. खाली वाकून कुणी पाहिलं नाही.

श्रावण संपत आला होता तेव्हा एका संध्याकाळी महामाया आली. ती भूलतज्ज्ञ, म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणारी डॉक्टर. तिचा स्वतःचा दवाखाना नाही. लहान गावांतल्या दवाखान्यांचे फोन येतात आणि ती गाडी काढून निघते. आज उंद्री, उद्या देऊळगाव राजा, परवा थेट सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर.

"मॅडम, सीटा गरम होतेत हिच्या," इंद्रभान म्हणाला.

"चिखलीत?"

"हिवाळ्यात, मॅडम."

ती हसली. मग तिनं सांगितलं की तिला गाडी कशासाठी हवी. मागच्या पावसाळ्यात संग्रामपूरकडच्या एका पांदणीत, म्हणजे शेतातल्या चिखलवाटेत, तिची छोटी गाडी फसली होती. दवाखान्यात बाळंतीण टेबलावर, डॉक्टर हातमोजे घालून तयार, आणि भूल देणारी चिखलात. ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेली. चाळीस मिनिटं उशीर झाला. बाई वाचली, बाळही वाचलं. "पण ती चाळीस मिनिटं मी अजून मोजते," महामाया म्हणाली. "नवी गाडी झेपत नाही. तुमची ही मला पोचवेल ना?"

"डोळे मिटून घ्या, मॅडम!"

तिनं माझ्या दारावरून हात फिरवला आणि उद्या अकराला वडिलांना घेऊन इसार द्यायला येते म्हणून सांगून गेली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. ही मला घेणार, मी हिला दोन महिने नीट नेणार आणि एक दिवस तशाच एखाद्या पांदणीत बसणार. कुणीतरी पुन्हा टेबलावर वाट पाहत राहणार. ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्यापाशी फक्त हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

सकाळी साडेसहाला फाटकाशी एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला टोपी, काखेत पिशवी. हा दयाराम, महामायाचा बाप. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होता, आणि पहाटेची पहिली गाडी त्यानं तपासल्याशिवाय डेपोतून सुटत नसे. अकराची वेळ त्याला सांगितली होती. पण गाडी पाहायची तर ती जागी व्हायच्या आधी, ही त्याची एकतीस वर्षांची खोड. वॉचमनशी दोन गोष्टी करून तो आत आला.

त्यानं माझी काच पाहिली नाही, रंग पाहिला नाही. पिशवीतून जुना पेपर काढून इंजिनाखाली पसरला, तेल टपकतंय का ते कळायला. मग एकेका चाकापाशी वाकून टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला. पुढच्या दोन्ही चाकांवर चार बोटं बसली. मागच्या उजव्यावर चार बोटं. मागच्या डाव्यावर एकही बोट जाईना.

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "लंगडी हायेस की वं तू," तो म्हणाला.

काय सांगू तुम्हाला! एवढ्या वर्षांत माझ्याशी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मला हायसं वाटलं. आता घेतलं नाही तरी चालेल, पण त्या मुलीला माझ्यामुळे धोका नाही.

साडेदहाला इंद्रभान किल्ली नाचवत आला तो दयारामला पाहून जागीच थबकला.

"काका? इतक्या लवकर काऊन आले?"

"चाबी लावू नको. हात बी लावू नको हिले. पोरगी येऊन पाहीन, मंग लाव."

"अहो, रातच्याले थोडी हवा जाते, लगेच भरते..."

"ते मले सांगू नको बे. एकतीस वर्षं हेच करून राह्यलो."

अकराला महामाया आली. बापानं तिचा हात धरून त्या फटीत घालायला लावला. तिचा चेहरा उतरला. इंद्रभानला ती एवढंच म्हणाली, "काल मी तुम्हाला बाळंतिणीची गोष्ट सांगितली होती ना?" इंद्रभाननं मान खाली घातली. "कोनी वाकून पाह्यलंच नाई, मॅडम," तो पुटपुटला. आणि ते खोटं नव्हतं.

ती जायला वळली. माझं सगळं संपलं असं वाटलं. तेवढ्यात दयारामनं खाली पसरलेला पेपर उचलून उजेडात धरला. कोरा होता. तेलाचा थेंब नाही.

"थांब, माय. इंजिन तं ऐकू दे."

त्यानं मला चालू केलं आणि बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाला, "हत्तीण हाय, खाईन बी लय. पन आतून खरी हाय. दुखनं एकच हाय, अन् ते आपल्याले दिसलं. चाल, उंद्रीले नेऊ."

उंद्रीला त्यांचं शेत आहे. काळी माती, वर चार दिवसांचा पाऊस. बैलाचा पाय निघायचा नाही असा चिखल. महामायानं मला त्यात घातलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते गोल बटण फिरवलं. चारही चाकांत एकदम जीव आला. मी घसरले, फिरले, भसाभसा चिखल उडवला आणि बांधापर्यंत जाऊन परत आले. मागच्या सीटवर इंद्रभान डोळे मिटून बसला होता.

सौदा ठरला तो एका अटीवर. मागच्या दोन्ही पिशव्या नव्या, आणि त्या इंद्रभाननं आणून द्यायच्या. जोडीनं बदलायच्या, नाहीतर मागचं अंग एका बाजूला ओढतं, असं दयारामचं म्हणणं. त्यानं त्या शेडखाली स्वतःच्या हातानं बसवल्या. चष्मा दोनदा तेलात पडला. नव्या घरी लिंबू-मिरची लागली नाही. महामायाच्या आईनं, बनाबाईनं, बुद्धमूर्तीपुढचं एक फूल आणून माझ्या काचेपुढे ठेवलं, बस्स.

आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी दयाराम बाहेर यायचा आणि चारही चाकांवर चार बोटं घालून पाहायचा. बनाबाई म्हणायची, "पोरीची नाडी इतक्यांदा पाह्यली नाई कधी." तो ऐकायचा नाही. त्याची बोटं फटीत शिरली की मी श्वास धरून उभी असायचे.

परवा दुपारी संग्रामपूरहून फोन आला. बाळंतीण अडलेली. महामाया आधीच शेगावला कामाला गेलेली होती, तिथूनच निघालो. पुढे पुलावरून पाणी वाहत होतं. तिनं मला पाण्यात घातलं नाही. वाहत्या पाण्यात माझ्यासारख्याही वाहून जातात. तिनं मला वळवलं ते मागल्या वर्षीच्याच पांदणीत. एक माणूस बांधावरून ओरडला, "मॅडम, ट्रॅक्टर फसून राह्यले तिकडे!"

महामायानं बटण फिरवलं. दुसऱ्या बटणानं मी अंग वर उचललं. सगळं ओझं पिशव्यांवर आलं आणि माझं सगळं लक्ष त्या डाव्या मागच्या कोपऱ्यात. तू धर गं, एवढं धर! अर्धा तास आम्ही दोघी चिखल कापत राहिलो. मग डांबर लागलं, दवाखान्याची पाटी दिसली आणि ती पेटी घेऊन धावत आत गेली.

दीड तासानं ती बाहेर आली. माझ्या चिखलानं भरलेल्या दाराला पाठ टेकवून तिनं फोन लावला.

"बाबा, पोरगी झाली. माय बी ठीक हाय. मी वेळेत होते, बाबा. येक मिनिट बी उशीर नाई झाला." आणि ती रडायला लागली. हसतही होती.

तिकडून दयारामचा आवाज आला, "अन् डावी मागली?"

महामाया डोळे पुसत खाली वाकली. तिनं फटीत हात घातला. "बसतेत, बाबा. चारही बोटं."

म्हणून सांगते, माझ्यासारखी जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आम्ही उठायच्या आधी या. छताची काच नंतर पाहा. आधी खाली वाका, फटीत हात घाला. आमच्यातल्या पुष्कळ जणी खोट सांगायला तयार असतात, विचारणारं माणूस तेवढं हवं. आणि डिझेलचा, टायरचा खर्च झेपत असेल तरच न्या. लिंबाखाली उभी करायला नेऊ नका.

आज सकाळी दयाराम बाहेर आला तेव्हा मी नेहमीसारखी श्वास धरून होते. तो उंबऱ्यातच उभा राहिला. तिथूनच त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आत तोंड करून म्हणाला, "उभी हाय वं. चहा ठेव." आणि दात घासायला निघून गेला.

मोजायला आला नाही. मी जरा वेळ वाट पाहिली, आणि मग श्वास सोडला.