येतोय मागून

मैत्रीचं वजन नेमकं किती असतं, हे मोजपट्टीला शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काट्यावर कळलं. आधी त्याने साधा टी-शर्ट ठेवला. मग दुसरा ठेवला, ज्याच्या पाठीवर मित्राचा हसरा चेहरा आणि त्याखाली ‘मित्रा, तुझ्यासाठी’ असं छापून घेतलं होतं. छपाईच्या रंगामुळे दुसरा चांगलाच जड भरला. शिवाय त्या थरातून घाम बाहेर पडणार नाही, ते वेगळंच. निष्कर्ष उघड होता: साधा पळण्यासाठी, मैत्रीचा फोटोपुरता.

मोजपट्टी हे नाव त्या मित्रानेच ठेवलेलं. दिवसभर पाण्याचे नमुने तपासणारा आणि घरी चहात साखरही सपाट चमच्यानेच घालणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? फिट्टंफाट म्हणून मोजपट्टीने त्याचं नाव रेडिओ ठेवलं. रेडिओ लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेल्यांशी बाहेरून गप्पा मारून त्यांना शांत ठेवणं हा कामाचाच भाग आहे, असं तो सांगे. पण कुठेही न अडकलेल्या माणसांनाही तो सोडत नसे. गेल्या हिवाळ्यात एका रात्री तो झोपला तो उठलाच नाही. आयुष्यात एकदाच कुणाला काही न सांगता निघाला.

तळ्याभोवतीची ही शर्यत दोघं चार वर्षं बरोबर पळाले होते. तळ्याला चार फेऱ्या, सूर्यास्ताची मुदत, आणि मुदतीत पोचेल त्याला पदक. चारही वर्षं पदक हुकलं. कारण शोधायला प्रयोगशाळा नको होती. पाणी प्यायला थांबलेला रेडिओ पाणी देणाऱ्याच्या मुलाची परीक्षा, सासूचे गुडघे आणि घरमालकाचा तिरसटपणा या सगळ्याची चौकशी केल्याशिवाय हलत नसे, आणि मोजपट्टी बाजूला उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दात खात असे.

यंदा मित्राच्या स्मरणार्थ पळणार, असं त्याने कामावर जाहीर केलं, तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. सहकारी गहिवरले. रजासुद्धा कधी नव्हे ती न कुरकुरता मिळाली. बायको मात्र गहिवरली नाही.

“स्मरणार्थ कसलं? पदक त्याच्यामुळे हुकत होतं, हे तुला सिद्ध करायचंय.”

“दोन्ही होऊ शकतं.”

“मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. तू पहिलाच, जो मेल्या म्हशीकडे थकबाकीचं दूध मागतोय.”

“प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते,” मोजपट्टी म्हणाला. “तळं तेच, फेऱ्या त्याच, मी तोच. फक्त तो नाही.”

 बायकोने मैत्रीच्या टी-शर्टची घडी घालून तो आपल्या पिशवीत टाकला. “पदक मिळालं की फोटोला देते हं,” ती म्हणाली.

पहिली फेरी घड्याळाला शोभेल अशी झाली. तळ्याच्या पलीकडच्या काठाला पंपघराच्या भिंतीशी पाण्याचं टेबल होतं, आणि टेबलामागे दरवर्षीच्याच सिस्टर. एका दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. सुटीच्या दिवशी इथे येऊन लोकांच्या पायांचे फोड बांधायच्या. त्यांच्या शेजारी एक घडीची खुर्ची असे. तिच्यावर बसायला पायाला फोड लागे; रेडिओला मात्र नुसती इच्छा पुरायची.

“अरे, मोजपट्टी! आणि एकटेच? आमचा रेडिओ कुठाय?”

मोजपट्टीने पटकन अंदाज बांधला. खरं सांगितलं तर आधी ‘काय सांगता’, मग ‘कधी’, मग ‘कसं’, मग डोळ्यांत पाणी. म्हणजे दहा मिनिटं नक्की गेली.

“येतोय मागून,” तो म्हणाला आणि पेला रिकामा करून निघाला.

हे पुरतं खोटंही नव्हतं, असं त्याने पुढच्या चढावर स्वतःला पटवलं. चार वर्षांत या वाक्याला अपवाद आढळला नव्हता.

दुसऱ्या फेरीला सिस्टर रस्त्यापर्यंत पुढे आल्या होत्या. “अहो, अजून आला नाही तो! माझा जीव टांगणीला लावलाय त्याने. ते दोन म्हातारे गेल्या वर्षी लिफ्टमध्ये ठेवून गेला. म्हणाला, बाकीचं पुढच्या वर्षी.”

“कोण म्हातारे?”

“वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे. एकाच लिफ्टमध्ये अडकले ना! पुढे काय झालं?”

मोजपट्टीला पुढचं माहीत होतं. रेडिओच्या तोंडून त्याने ते तीनदा ऐकलं होतं, तिन्ही वेळा घड्याळाकडे बघत. “तोच सांगेल,” तो म्हणाला. “पायाला फोड आलाय त्याच्या. सावकाश येतोय.”

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, तसा तो लागला. तिसऱ्या फेरीला खुर्ची सावलीत सरकवलेली होती. खुर्चीसमोर पाय ठेवायला उलटी बादली, बादलीवर स्वच्छ कापड, शेजारी मलम आणि कात्री. कागदावर एक संत्रं सोलून ठेवलं होतं.

“आता मात्र फार झालं,” सिस्टर म्हणाल्या. “शेवटची गाडी येऊन गेली. तिच्यात नव्हता.”

ही गाडी म्हणजे एक जुनी जीप. सगळ्यांच्या मागून फिरून ती दमलेल्यांना उचलून आणायची.

“पोचेल हो,” मोजपट्टी धावता धावताच म्हणाला. मागून काहीतरी विचारल्याचा आवाज आला. ते ऐकू आलं नाही, असं त्याने ठरवलं.

शास्त्रीयदृष्ट्या सगळं उत्तम चाललं होतं. पाय दुखत होते, पण ठरल्याइतकेच. सूर्य वर होता. चौथी आणि शेवटची फेरी सुरू झाली, तेव्हा त्याच्या हाताशी चांगला पाव तास जास्तीचा होता. सिद्ध झालं, त्याच्या मनात आलं. आणि सिद्ध झाल्याचा आनंद शेजारी कुणाला तरी सांगावा म्हणून त्याने मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं. प्रयोगाची अटच ती होती.

पंपघरापाशी पोचला, तेव्हा टेबल आवरलेलं होतं. पेल्यांची खोकी जीपमध्ये चढली होती. जीपचा चालक तळ्याच्या कडेला उभा राहून कपाळावर हात धरून पाण्याकडे बघत होता. खुर्ची, बादली आणि सुकत चाललेलं संत्रं तेवढं जागच्या जागी होतं.

“हे आले!” चालक ओरडला. “अहो साहेब, तुमचा माणूस कुठे पडलाय? दोन चकरा मारल्या मी. झुडपंबिडपं सगळी बघून झाली.”

“संयोजकांना कळवते आता,” सिस्टर म्हणाल्या.  “तोल जाऊन पाण्यात पडला असेल तर? तुम्ही शेवटचं कुठे पाहिलं त्याला?”

मोजपट्टीने घड्याळ पाहिलं. न थांबता गेला तर पदक नक्की. ‘घरी गेला तो’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. तीन शब्दांचं काम. त्याने तोंड उघडलं. आणि उलट्या बादलीवरचं ते कापड त्याला दिसलं. चारही कोपऱ्यांनी नीट ओढून बसवलेलं.

“सिस्टर, तो नाही आला,” तो म्हणाला. “तो... गेल्या हिवाळ्यातच गेला.”

“कुठे गेला?”

 चालकाने डोक्यावरची टोपी काढली. सिस्टर हळूहळू खुर्चीवर बसल्या.

“आणि सकाळपासून येतोय मागून, येतोय मागून चाललंय तुमचं?”

“सांगायला वेळ लागला असता.”

“किती?”

“दहा मिनिटं.”

“दहा मिनिटं वाचवलीत!” त्या ताडकन उठल्या. “मी इथे मेलेल्या माणसाला मलम काढून बसलेय, हा बिचारा झुडपं धुंडाळतोय, आणि तुम्ही मिनिटं मोजताय? शोभतं बाई नाव तुम्हाला! जा. पळा. होईल उशीर.”

मोजपट्टी दहा पावलं गेला. मग परत आला.

“ते म्हातारे,” तो म्हणाला.

सिस्टर पाठमोऱ्या होत्या. वळल्या नाहीत.

“आधी दोघं एकमेकांशी बोलेनात. सगळं रेडिओमार्फत. ‘त्यांना सांगा, काठी पायावर ठेवू नका.’ ‘त्यांना सांगा, पाय तिथे ठेवू नका.’ हा बाहेरून निरोप पोचवतोय, दोघांमध्ये अंतर एका काठीचं.” मोजपट्टी खुर्चीवर टेकला. आपण बसलोय हे त्याला बसल्यावर कळलं. “मग हळूहळू निरोप कमी झाले. आत आपसात भांडण सुरू झालं. मग हसू ऐकू आलं. तोपर्यंत लिफ्ट दुरुस्त झाली होती.”

“मग?” चालकाने विचारलं. त्याने जीपचं इंजिन बंद केलं होतं.

“मग काय? कळ दाबायची की झालं. पण हा पायरीवर बसून राहिला. आत गप्पा संपेपर्यंत, तासभर. वरून साहेबांची बोलणी खाल्ली. मी त्याला म्हटलं, काम झालेलं असताना थांबतात का, गाढवा? तर म्हणतो, काम कुठे झालं होतं?”

सिस्टर वळल्या. त्यांनी डोळे पुसले, कागदावरचं संत्रं उचललं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. “बूट काढा,” त्या म्हणाल्या.

“मला फोड नाहीत.”

“त्याला तरी कुठे होते? काढा. आणि तो गेला कसा, ते नीट सांगा. पहिल्यापासून.”

त्याने सांगितलं. दहा मिनिटांत आवरलं नाही; अंदाज चुकला होता. तळ्यावरचं ऊन गेलं, तरी तो बोलतच होता.

शेवटच्या रेषेशी पोचला, तेव्हा रेषासुद्धा गुंडाळून नेली होती. टेबलं पालथी घातलेली, फोटोवाला गेलेला. बायको एकटीच पिशवी घेऊन उभी होती. तिने मैत्रीचा टी-शर्ट पुढे केला. मोजपट्टी गारठला होता. ओला काढून त्याने तो चढवला. त्या थरातून घाम बाहेर जात नाही, हे त्याने आधीच जाणलं होतं. गार वाराही आत येत नाही, हे मात्र तपासायचं राहिलं होतं.

“काय झालं रे?”

“उशीर झाला. रेडिओमुळे.”

“यंदासुद्धा?”

“त्याचं काय सांगायचं!” मोजपट्टी म्हणाला, आणि घराच्या वाटेवर सांगत सुटला.