पांढऱ्या पायांचे प्रेक्षक

आमचा बेसबॉलचा संघ जिंकत होता म्हणून बघायला कुणी येत नव्हतं, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, नोरीनला ऊन लागलंय. पण त्या वर्षी अगदी तसंच झालं. आमचे हेरन्स गुणतक्त्यात सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते आणि आमच्या पोर्ट ऑरेलियाच्या मैदानात निळ्या खुर्च्याच खुर्च्या दिसत होत्या. दुसऱ्या गावांत आमच्या पोरांच्या सह्यांसाठी झुंबड उडायची. इथे तीच पोरं दुकानात दूध घ्यायला गेली तर कुणी मान वर करून बघायचं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

मी या मैदानात लोकांना त्यांच्या जागा दाखवायचं काम करते. तिकीट बघायचं, खुर्ची फडक्याने पुसायची, "मजा करा" म्हणायचं. त्या वर्षी माझ्या भागात इतके कमी लोक यायचे की मी त्यांची गुडघेदुखीसुद्धा नावानिशी ओळखत होते. वर्तमानपत्रवाले रोज नवं कारण छापायचे. पूल ओलांडून यावं लागतं, गाडी लावायला महाग पडतं, उकडतं फार. फ्लोरिडातल्या माणसाने उकाड्याची तक्रार करायची म्हणजे माशाने पाण्याची करण्यासारखं आहे.

न्यूयॉर्कचा संघ आला की मात्र मैदान गच्च भरायचं. आमच्या गावातली निम्मी माणसं म्हातारपणी उन्हासाठी उत्तरेकडून आलेली, आणि येताना सोफ्याबरोबर आपला जुना संघही घेऊन आलेली. आमच्याच मैदानात बसून आमच्याच पोरांची हुर्यो उडवायची! मी हसतमुखाने त्यांना जागा दाखवायची आणि मनात म्हणायची, खुर्ची मोडो मेल्याची.

ऑगस्टमध्ये एके दिवशी आमची सुपरवायझर येसेनिया मला शोधत आली. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण शिस्तीला कडक.

"मिस नोरीन, वरच्या ऑफिसात तुमचं नाव निघालंय."

"मी काही केलं नाही. त्या बियर सांडणाऱ्याला मी नुसती तोंडानेच बोलले."

"अहो, ऐका तरी! तुम्हाला इथे वीस वर्षं झाली. शनिवारी पहिला चेंडू तुम्ही टाकायचाय."

सामना सुरू व्हायच्या आधी कुणातरी मानाच्या माणसाने मैदानाच्या मधोमध उभं राहून एक चेंडू टाकायचा, अशी आमची रीत आहे. महापौर टाकतात, नट टाकतात, लढाईवरून परतलेले सैनिक टाकतात. मी वीस वर्षांत त्या गवताला पायसुद्धा लावला नव्हता, कारण आम्हाला तिकडे जायची परवानगीच नाही. मी येसेनियाला "बरं" म्हटलं आणि बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून आले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. डेलबर्टने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे त्याला फार उड्या मारायची सवय नाही. पण त्या दिवशी त्याने मला धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. मग एकदम थांबला.

"शनिवारी म्हणजे इथल्या मैदानात?"

"नाही, चंद्रावर."

"मग मी कसा येऊ गं?"

घ्या! डेल त्या वर्षी मे महिन्यात सामना बघायला आला, तर हेरन्स अकरा-शून्याने हरले. पुन्हा आला, तर आमच्या सगळ्यात चांगल्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा गेला. तेव्हापासून त्याने शपथ घेतली होती. आणि तेव्हापासून हेरन्स आपल्या मैदानात एकदाही हरले नव्हते. सामन्याच्या वेळी डेल गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर, रेडिओकडे पाठ करून बसायचा. पायात तेच न धुतलेले मोजे, हातात तेच मोहरी लावलेलं बलोनी सॉसेजचं सँडविच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं मी त्याला शंभरदा सांगून झालं होतं. पण कावळा आपणच आहोत, अशी त्याची खात्री होती.

"नोरीन, मी पांढऱ्या पायाचा आहे. पोरं पहिल्यांदाच अव्वल आहेत. मी आलो आणि ती हरली, तर मी आरशात तोंड कसं बघू?"

"तोंड तसंही फार बघण्यासारखं राहिलेलं नाही. आणि मी तिथे एकटी उभी राहू?"

"मी टीव्ही लावतो ना. तेवढ्यापुरता."

"टीव्हीवर पहिला चेंडू दाखवत नाहीत, डेल. तेव्हा गाद्यांच्या जाहिराती असतात."

मी त्याच्यापुढे खिम्याचं गार मीटलोफ आदळलं आणि झोपायला गेले. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. माझ्यासाठी टाळ्या वाजणार असा आयुष्यातला एकच दिवस, आणि माझा नवरा बादलीवर बसणार. मला फार लागलं ते.

बुधवारी आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये बिंगो असतो. चाकांवरच्या घरांतले आम्ही सगळे म्हातारे तिथे जमतो. डेल कॉफी आणायला गेल्यावर मी गस पेट्राकिसकडे मन मोकळं केलं. गस पूर्वी न्हावी होता, म्हणजे कुणाचंही ऐकून घ्यायची त्याला सवय. पण माझी बाजू घ्यायची सोडून तो कानापर्यंत लाल झाला.

"डेलचं बरोबर आहे. फक्त पांढऱ्या पायाचा तो नाही. मी आहे. मेमध्ये तो आला ना, त्या दोन्ही दिवशी मीही होतो वरच्या मजल्यावर."

"गप रे गस!" मागून विल्मा स्टोल्ट्झ म्हणाली. "मी जूनमध्ये नुसती गाडीतळापर्यंत गेले, तर तिकडे पोरं मागे पडली. मी तशीच गाडी फिरवली, तेव्हा कुठे जिंकली."

बघता बघता अख्खा हॉल उठला. प्रत्येकाकडे आपापला पुरावा. कुणी नवी टोपी घातली म्हणून हरलो, कुणी हॉटडॉगवर कांदा घेतला म्हणून. मी बघतच राहिले. पुलाने आणि उकाड्याने कोण अडत होतं ते देव जाणे, पण माझी ही माणसं हेरन्सवर जीव आहे म्हणून घरी बसली होती! मला हसूही येत होतं आणि एकेकाच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. मी खुर्चीवर चढले.

"अरे गाढवांनो, मैदानात हजारो खुर्च्या आहेत, आणि प्रत्येकाला वाटतंय संघ माझ्याच बुडामुळे हरला? एवढे मोठे कधी झालात तुम्ही?"

"पण जिंकतायत ना पोरं?" विल्मा शांतपणे म्हणाली.

मी खुर्चीवरून उतरले. जिंकत होती खरी.

शेवटी गसनेच तोड काढली. अंपायरने "खेळा" म्हणून आरोळी दिल्याशिवाय सामना सुरू होत नाही. त्याच्या आधीचं काही धरायचं नाही. तेव्हा सगळ्यांनी जायचं, नोरीनचा चेंडू बघायचा आणि आरोळीच्या आत बाहेर पडायचं. यावर कोर्टात चालावी तशी चर्चा झाली.

"राष्ट्रगीत धरायचं का?" डेलने विचारलं. त्याचा चेहरा मात्र उजळला होता.

"राष्ट्रगीत देशाचं असतं, संघाचं नाही," गसने निकाल दिला, आणि बेत ठरला.

शनिवारी दुपारी दोन बस भरून म्हातारे आले. अर्ध्या तासासाठी पुऱ्या पैशांची तिकिटं काढून माझ्या भागात दाटीवाटीने बसले. मी गवतावर पाय ठेवला. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं. मी देवाचं नाव घेतलं आणि टाकला. चेंडू एक टप्पा खाऊन कॅचरच्या हातात गेला, अगदी सरळ. बाकी मैदान रिकामं असल्यामुळे डेलची आरोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमली.

"ती माझी बायको आहे, माझी!"

मग राष्ट्रगीत झालं आणि सगळे उठून दाराकडे पळाले. काठ्या, वॉकर, गुडघ्यांचे पट्टे, सगळी वरात. दारावरचा माणूस घाबरला.

"काय झालं? आग लागली का?"

"नाही बाबा," गस धापा टाकत म्हणाला, "आम्ही हेरन्सचे भक्त आहोत."

मी गणवेश नीट करून माझ्या भागात परत आले, तर डेल बसलेला.

"ऊठ, बस सुटेल."

"सुटू दे."

तेवढ्यात अंपायरची आरोळी झाली.

"डेल, ऐकलंस ना?"

"ऐकलं. तू एवढा चेंडू टाकून परत आलीस, तर कसं वाटलं हे विचारायला इथे कुणी नको? बादलीवर बसून कसं विचारू?" त्याने टोपी मांडीवर ठेवली. "तर मग, कसं वाटलं?"

मी सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे सगळं सांगायला वेळ मिळाला. गवत किती मऊ होतं, कॅचरने चेंडूवर सही करून दिली, सगळं. आम्ही बोलत होतो आणि तिकडे हेरन्स मागे पडत होते.

तिसऱ्या डावात डेलचा फोन वाजला. रिकाम्या मैदानात हे एक संकट असतं. कॅमेरा जरा फिरला की एकटा बसलेला माणूस साऱ्या गावाला दिसतो.

"डेल! टीव्हीवर दिसतोयस तू!" गसचा आवाज मलाही ऐकू आला. "निघ तिथून आधी!"

"आवाज येत नाहीये, गस," डेल म्हणाला आणि फोन ठेवला. मग विल्माचा आला, मग आमच्या पाद्रीबाबांचा. त्याने फोन बंदच केला. पण सेहेचाळीस वर्षांत मी त्याला इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं.

नववा डाव, म्हणजे शेवटचा. आम्ही एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि दोन धावपटू बेसवर म्हणजे अर्ध्या वाटेवर. एक चांगला फटका बसला की जिंकलो. आणि खरं सांगते, तेव्हा माझं मन फिरलं. मीही शेवटी हेरन्सचीच. मी त्याच्या कानाशी वाकले.

"डेल, जरा बाथरूमला जाऊन येतोस का?"

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "तूसुद्धा, नोरीन?"

मला इतकी लाज वाटली की हसू फुटलं. "नको. बस. कुठे जाऊ नकोस." आणि मीही त्याच्या शेजारी बसले. गणवेशात बसायची आम्हाला सक्त मनाई आहे. येसेनियाने पायऱ्यांवरून बघितलं, आणि देव तिचं भलं करो, दुसरीकडे तोंड फिरवलं.

चेंडू उंच गेला. आम्ही दोघं ताडकन उठलो. वाटलं गेलाच बाहेर. पण कुंपणापाशी त्यांच्या पोराने उडी मारली आणि झेलला.

आम्ही खाली बसलो.

"मी हरवलं त्यांना," डेल म्हणाला.

"हो, तूच हरवलंस," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. या माणसाने मला फुलं दिली, अंगठी दिली, एकदा जुनी गाडीसुद्धा दिली. पण माझ्यासाठी हेरन्सना कुणी हरू दिलं नव्हतं. मैदान रिकामं होईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही. तसं ते रिकामं व्हायला काही फार वेळ लागला नाही.