चौथ्या गिअरमधला कबुलीजबाब

व्याहीबुवांनी गाडी विजेच्या खांबावर घातली तेव्हा खांबाला काही झालं नाही, व्याहीबुवांनाही काही झालं नाही. मोडला तो शेजारी बसलेल्या विहिणीच्या, म्हणजे टेलरबाईंच्या, उजव्या हाताचा अंगठा. कापड कापायची मोठी कात्री चालते ती त्याच्याच जोरावर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर अंगठा पुन्हा जोर धरेल, नाहीतर बटणं लावण्यापुरता उरेल.

"बटणं काय, गिऱ्हाइकं घरीच लावतात," टेलरबाई म्हणाल्या.

ऑपरेशनचा खर्च गाडीच्या विम्यातून निघाला असता, पण गाडीला विमाच नव्हता. विम्याच्या हप्त्याच्या पैशांत व्याहीबुवांनी नवी सीटकव्हरं घेतली होती आणि तीन सुरांत वाजणारा हॉर्न बसवला होता. हॉर्न खांबासमोरही वाजला. खांब काही बाजूला झाला नाही.

अशा बिनविम्याच्या गाडीत सापडलेल्यांसाठी सरकारचा एक निधी होता. तो जखमीला भरपाई देई आणि मग गाडीवाल्याच्या मानगुटीवर बसून हप्त्याहप्त्याने वसूल करी. अट एकच. विमा नाही हे माहीत असून जो गाडीत बसला, त्याला छदाम मिळत नसे.

व्याहीबुवांनी टेलरबाईंना ते सांगितलं होतं, हे खरं. वाद होता तो कधी सांगितलं एवढाच. टेलरबाई म्हणत, गाडी भरधाव सुटल्यावर. "थांबवा, मी उतरते" असं त्या ओरडल्या, तर हे हसले. व्याहीबुवा मात्र भेटेल त्याला ऐकवत होते, "बसण्याआधीच मी स्पष्ट बोललो. लपवाछपवी आपल्या रक्तात नाही!" म्हणजे सचोटीचा मान यांना, वसुलीतून सुटका यांना, आणि मोडका अंगठा विहिणीला. वाटणी झकास होती.

समोरासमोर भांडावं, तर लेक त्यांच्या घरात नांदत होती. तिचा फोन आला. "आई, माझा विचार करू नकोस हं." पोरगी असं म्हणते म्हणजे घरात बरंच तापलंय, हे टेलरबाईंनी ओळखलं. तेव्हा व्याह्यांना खोटं पाडायचं, पण खोटं म्हणायचं नाही, असं अवघड माप घ्यायचं होतं.

माप घेण्यात मात्र त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं आणि कंबर चौतीस सांगतं. त्याला "छे, अडतीस" म्हणालात की गिऱ्हाईक गेलं. "तब्येत राखलीत हो अगदी," म्हणायचं. ते खुलतं, बोलायला लागतं, श्वास सोडतं, आणि पोट आपणहून खरा आकडा टेपेवर ठेवतं.

सुनावणीच्या दिवशी व्याहीबुवा कडक इस्त्रीचा कोट घालून आले. सोबत त्यांची बायकोही होती. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "बसण्याआधी तुम्ही यांना विम्याचं सांगितलं होतं?"

"शंभर टक्के! गाडीच्या दाराशीच."

अधिकारी बाईंनी पेन उचललं. टेलरबाई मवाळपणे म्हणाल्या, "बाई, एक लिहून घ्या. यांच्या चालवण्यात दोष नव्हता. हात बसलेला आहे. जरा हळू चालवतात, एवढंच."

"हळू?" व्याहीबुवा गर्रकन वळले.

"वयाप्रमाणे जपतोच हो माणूस. सायकलवाले पुढे जात होते, पण आपल्याला कुठे घाई होती?"

"सायकलवाले? विहीणबाई, पुलावर मी दोन ट्रक मागे टाकले!"

"हो का? माझं लक्ष नव्हतं बाई."

"लक्ष कसं असेल? डोळे मिटून बसला होतात! चौथा गिअर, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर. तुम्ही म्हणालात, अहो, काही झालं तर? मी म्हटलं, विमा भित्र्यांनी भरावा, आपण यंदा भरलेलाच नाही! तेव्हा तर तुम्ही दचकून डोळे उघडलेत आणि थांबवा थांबवा करून..."

"पुलावर म्हणालात ना?" अधिकारी बाईंनी विचारलं. "चौथ्या गिअरमध्ये?"

"चौथ्या!" व्याहीबुवा अभिमानाने म्हणाले. मग अधिकारी बाईंचं पेन कागदावर चालताना त्यांना दिसलं. "म्हणजे... दाराशीही बोललो असेन."

"अहो, पुरे," त्यांची बायको म्हणाली. "दाराशी तुम्ही चावी शोधत होतात. मी वर गॅलरीतच होते, सगळं ऐकू येत होतं. विम्याचा शब्दही नव्हता." आणि हेच तिने लेखी दिलं.

भरपाई मंजूर झाली. व्याहीबुवांच्या नावावर हप्ते बसले. जिना उतरताना ते धुसफुसले, "तुम्ही मला बोलायला लावलंत, विहीणबाई."

"मी? मी तर तुम्ही जपून चालवता म्हणत होते."

त्यांची बायको तोंडावर हात धरून हसली. मग मागे रेंगाळून टेलरबाईंच्या कानाशी म्हणाली, "ताई, सुनेला घरात कुणी चकार शब्द बोलणार नाही. ते माझ्याकडे लागलं. आणि ऑपरेशनला मी येते सोबत."

घरी जायला तिघंही बसमध्ये चढली. व्याहीबुवा सरळ ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले आणि त्याला गिअर कधी बदलावा ते सांगू लागले. टेलरबाईंनी डाव्या हाताने दांडी धरली आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना कुठल्या महिन्याचा वायदा द्यावा, याचा हिशेब मांडायला घेतला.