भाड्याची आत्या

काबुयेच्या घरी मुलीचं, रेस्टीचं, लग्न ठरलं तेव्हा अडचण नवऱ्या मुलाची नव्हती, गायीची नव्हती, मंडपाची तर नव्हतीच. अडचण होती आत्याची. बुगांडात, म्हणजे कंपालाभोवतीच्या त्या मुलखात, आत्याशिवाय मुलीचं पान हलत नाही. मुलगी वयात आली की तिला काय ते शिकवायचं आत्यानं, मुलगा पहिल्यांदा पारखायचा आत्यानं. आणि क्वांजुलाच्या दिवशी, म्हणजे मुलाकडची मंडळी वाजतगाजत मागणी घालायला येतात त्या दिवशी, एकसारखे पांढरे झगे आणि काळे कोट घालून बसलेल्या पुरुषांतून नेमका आपला जावई हुडकून त्याच्या छातीला फूल लावायचं, तेही आत्यानंच. आईबापांनी नुसतं शोभेला बसायचं. काबुयेला बहीण एकच होती, प्रॉस्कोविया, आणि तिचं नाव घ्यायला त्याच्या घरात बंदी होती.

बंदी नावाला होती, आवाजाला नव्हती. प्रॉस्कोविया एकेकाळची गायिका. पंचविशीत तिनं एक गाणं गायलं होतं, आत्या फूल घेऊन जावई शोधायला निघते त्याचं, आणि तेव्हापासून मसाकापासून जिंजापर्यंत एकही क्वांजुला त्या गाण्याशिवाय झालेला नाही. बाई नको, गाणं मात्र हवं. दुधातली साय काढून घ्यावी आणि भांडं दाराबाहेर ठेवावं, तसा सगळा सभ्य कारभार.

तिचं बिघडलं ते रेडिओवर. गाणी कमी झाली तेव्हा एका स्टेशननं तिला शुक्रवारी दुपारी दोनचा बायकांचा कार्यक्रम दिला. पाहुण्यांना कसं वाढावं हे सांगेल, अशी त्यांची भाबडी समजूत. बाईनं पहिल्याच शुक्रवारी अंथरुणातल्या गोष्टी भाजी निवडताना बोलाव्यात तशा बोलायला घेतल्या. अर्ध्या देशानं खिडक्या लावून घेतल्या आणि आवाज मोठा केला. तीन वर्षं हे छान चाललं, म्हणजे सगळे शिव्या देत होते आणि सगळे ऐकत होते. मग एका शुक्रवारी एका पोराचा फोन आला. त्यानं विचारलं, मुलींना सगळं शिकवायला आत्या असते, पण मला मुलगेच आवडतात, तर माझी आत्या कोण?

प्रॉस्कोविया म्हणाली, "मी. बोल बाळा."

एवढंच. एका आठवड्यात कार्यक्रम बंद, महिन्याभरात गाण्याच्या सुपाऱ्या बंद, आणि भावाचं दार बंद. तिनं मग कंपालात मकिंद्येला एक खोली घेतली. दर बुधवारी तिथं ज्यांना घरात कुणी आपलं म्हणत नाही अशी पोरंपोरी यायची. ती त्यांना शरीर समजावायची, आजार आणि औषधं समजावायची, नाही कसं म्हणायचं आणि पोलीस आले तर काय म्हणायचं ते शिकवायची. पुढं नवा कायदा आला आणि असलं नुसतं बोलणंही तुरुंगात नेणारं ठरलं, तेव्हा दारावर 'गायन वर्ग' अशी पाटी लागली. जिन्यावर पाऊल वाजलं की सगळे एका सुरात गायला लागायचे, आणि इतकं भयाण गायचे की आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नसे. पेटीवर मुत्याबा असायचा. फोन केला होता तो पोरगा हाच, आता तिशीला टेकलेला, बँकेत नोकरीला. बँकेला अर्थातच तो गाणं शिकतो एवढंच ठाऊक.

आणि सभ्य मंडळी? ती येत होतीच की. मागच्या दारानं. ज्या खासदारसाहेबांनी सभेत टेबल बडवून प्रॉस्कोवियाचं नाव घेतलं होतं, त्यांच्या बायकोला तिचा नंबर तोंडपाठ. खुद्द काबुयेची बायको, तेओपिस्टा वहिनी, दर दोन-तीन महिन्यांनी डोळे दाखवायला म्हणून मसाकाहून कंपालाला यायची आणि नणंदेपाशी बसून भलतंच दुखणं दाखवायची. काबुयेचा संसार उताराला लागला होता तो त्या सल्ल्यानं सावरला. काबुये मात्र त्याचं श्रेय चाळीस दिवसांच्या उपासाला द्यायचा, आणि चर्चमध्ये तशी साक्षसुद्धा देऊन आला होता.

असा हा भाऊ एका बुधवारी जिना चढून आला. पोरं लगेच गायला लागली. ते ऐकून तो दारातच थिजला. मग हातानं खूण करून त्यानं बहिणीला गॅलरीत बोलावलं. बसायला तयार नाही, पाणी नको, चहा नको, जणू खुर्चीला संसर्ग होता.

"प्रॉस, रेस्टीच्या क्वांजुलाच्या दिवशी तू आजारी आहेस."

"कशानं?"

"ते तू ठरव. खासदारसाहेब येणार, फादर येणार. मी दुसऱ्या आत्याची सोय केलीय."

सोय म्हणजे फ्लाव्हिया नावाची एक बाई. कंपालात हल्ली आत्या भाड्यानं मिळते. स्वतःची गोमेसी, तो टोकदार बाह्यांचा पायघोळ सणाचा पोशाख, घालून येते, योग्य वेळी नाचते, योग्य वेळी रडते, वर प्रत्येक वाक्यात देवाचं नाव घेते. काबुये तिचे गुण सांगत राहिला आणि प्रॉस्कोविया कठड्याला धरून ऐकत राहिली. भावाचं दार बंद होण्याआधी रेस्टी शाळेची सहा वर्षं तिच्याकडंच होती. तिचं पहिलं रक्त, पहिला खोटेपणा, पहिलं रडं, सगळं हिनं निस्तरलं होतं. नवरा मुलगा आकिलेओ, मुत्याबाचाच मित्र, तोही रीतीनं आधी हिच्याच दारात येऊन बसला होता, आणि हिनं त्याला दोन तास फाडून खाल्ल्यावरच पास केलं होतं. चौदा वर्षांत भावानं काय काय म्हटलं ते तिनं गिळलं होतं. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"दादा, रेस्टीला विचारलंस का?"

"मुलींना काय विचारायचं असतं," असं म्हणून तो जिना उतरला.

रेस्टीचा फोन संध्याकाळच्या आतच आला. तू नसशील तर मी नवरीच्या चटईवर बसणारच नाही, म्हणाली. प्रॉस्कोवियानं तिला चांगलं झापलं, की माझ्यापायी स्वतःचा दिवस नासवू नकोस. मग आकिलेओनं तोड काढली. ती आमच्या बसमधून येईल, मुलाकडची पाहुणी म्हणून. एकदा फाटकात नमस्कार-चमत्कार झाले की मुलाकडच्या माणसाला सासरेबुवा दंड करू शकतात, टोमणे मारू शकतात, हाकलू शकत नाहीत. प्रॉस्कोवियानं एका अटीवर हो म्हटलं: मी तिसऱ्या रांगेत बसून पोरीला डोळे भरून बघेन, तोंड उघडणार नाही. खासदाराच्या देखत ओळख दिली तर उद्या गायन वर्गावर धाड पडेल आणि पोरांची फरफट होईल, हे तिला कळत होतं.

तर ठरल्या दिवशी बस आली, मागोमाग आहेराचा ट्रक. हिरव्या गोमेसीतल्या बायकांची रांग रीतीनं गुडघ्यांवर बसली, काबुयेनं प्रत्येकीला प्रवास कसा झाला म्हणून विचारलं आणि चौदाव्या गोमेसीत त्याला सख्खी बहीण दिसली. पण तोवर शब्द तोंडातून निघून गेले होते.

"बरा झाला, साहेब," ती खाली मान घालून म्हणाली. काबुयेच्या चेहऱ्यावर त्यानंतर तासभर माशीसुद्धा बसायला धजावली नसती.

मग गाणं लागलं. तिचंच, तिच्या पंचविशीतल्या आवाजात. फ्लाव्हियाबाई फूल घेऊन झुलत आल्या. बाई कामाला चोख, वाद नाही. कंबर काय हलवली, डोळे काय पुसले. फक्त जावयाला तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोबाइलवर आलेल्या फोटोत दोघं मित्र खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि बाईनं आपल्या मतानं त्यातला देखणा निवडला. रांगेपुढं दोन फेऱ्या मारून ती थेट मुत्याबासमोर थांबली आणि त्याच्या कोटाला तिनं ते गुलाबाचं फूल घट्ट टोचलं.

मंडपात हशा पिकला. आकिलेओ बाजूच्याच खुर्चीत कपाळाला हात लावून बसलेला. मुत्याबा मात्र हसला नाही, हललाही नाही. छातीवरच्या फुलाकडं बघत बसला.

मुलाकडचा बोलका, म्हणजे त्यांच्या वतीनं बोलायला नेमलेला कियिंबा उठला. हा माणूस माइक हातात आला की सख्ख्या आईलाही सोडत नाही. त्यानं शांतपणे सांगितलं, की आत्या जावयाला ओळखत नाही म्हणजे ती आत्या नव्हे, आत्या नाही तर मुलगी नाही, तेव्हा मंडळी, ट्रक वळवा. हे सगळं रीतीतलंच नाटक, दंड वसूल करायचं. पण ट्रकचा ड्रायव्हर नवा होता, त्यानं खरंच गाडी सुरू केली. गाय, सोफा, फ्रिज आणि सोड्याचे खोके हळूहळू मागं सरकायला लागले. काबुयेकडच्या चार चुलत्यांचे प्राण कंठाशी आले.

काबुये घाईनं माइकपाशी आला. खरी आत्या आजारी आहे, म्हणाला.

चटईवर गुडघे टेकून बसलेली रेस्टी मान वर न करता म्हणाली, "बाबा, आत्या तिसऱ्या रांगेत बसलीय."

सगळ्या माना वळल्या. फादर चष्मा पुसायला लागले. खासदारसाहेबांना नेमका तेव्हाच मोबाइलमध्ये काही महत्त्वाचं सापडलं. त्यांची बायको प्रॉस्कोवियाकडं बघून हसणार होती, तेवढ्यात तिला आपण कोण ते आठवलं. कियिंबाचाही थट्टेचा सूर गेला.

"सासरेबुवा, परक्या बाईच्या हातचं फूल आम्हाला चालत नाही. ही तुमची बहीण आहे का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

प्रॉस्कोवियाला एकदम वाटलं, याला नाहीच म्हणू दे. पोरं वाचतील, मीही सुटेन. आणि त्याच वेळी त्यानं हो म्हणावं म्हणून तिनं उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं. काबुयेनं खासदाराकडं पाहिलं. फाटकाकडं पाहिलं. ट्रकवर गाय हंबरली.

"हो," तो म्हणाला. "माझी बहीण आहे. प्रॉस्कोविया. रेस्टीची आत्या."

हे तो बहिणीसाठी म्हणाला की गायीसाठी, ते प्रॉस्कोवियानं पुढं कधी विचारलं नाही. तिला ऐकायचं होतं तेवढं ऐकू आलं होतं. ती उठली. गाणं परत लागलं. पंचविशीतला तो आवाज आणि साठीतले हे गुडघे यांचा मेळ बसत नव्हता, तरी ती नाचत नाचत पुरुषांच्या रांगेपाशी गेली आणि फूल काढायला मुत्याबापुढं वाकली.

"आत्या," तो ओठ न हलवता म्हणाला, "जरा राहू दे ना."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. या पोरासाठी कुणी कधी मंडप घालणार नव्हतं. कुणाची आत्या याला रांगेतून शोधत येणार नव्हती, आणि आपली म्हणावी अशी जी एक होती ती त्याच्या छातीवरचं फूल उतरवायला आली होती. तिनं पिनेला हात घातला आणि पिन निघेना. ती पुटपुटली, वाकून बघितलं, दुसऱ्या हातानं धरून पाहिलं, पिना बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोक हसायला लागले. वाजवणाऱ्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ते संपत आलं तेव्हा कुठं तिनं फूल काढलं, आणि आकिलेओच्या कोटाला लावलं.

मसाकात लोक अजून सांगतात, की भाड्याच्या आत्यानं ती पिन इतकी घट्ट खोचली होती, की काढताना खऱ्या आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.