कोंब न आलेलं वर्ष

"दाजी, यंदा बांबूला एकसुद्धा कोंब नाही आला," मेहुणा फोनवर सांगत होता. "अख्ख्या डोंगरावर एक नाही. पाऊस संपत आला. काय समजायचं आम्ही?"

गवतशास्त्र्यांनी हातातला पेला अलगद टेबलावर ठेवला.

गवतशास्त्री हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वाळवलेल्या वनस्पतींच्या ज्या संग्रहालयात त्यांनी सारी नोकरी काढली, तिथं माणसं आपापल्या कुळावरून ओळखली जात. शेंगांच्या झाडांचा अभ्यास करणारी ती शेंगाबाई आणि गवतांची कुळं लावणारे ते गवतशास्त्री. बांबू हेही एक गवतच असतं, हे ते कुठल्याही समारंभात शेजारी बसलेल्याला समजावून सांगत. शेजारी बसलेला माणूस पुढच्या समारंभात दुसरी खुर्ची बघत असे.

आयुष्यात त्यांनी सात-आठ नवी गवतं शोधून त्यांना नावं दिली होती. सगळी वीतभर उंचीची, गुरंही ज्यांना धड तोंड लावत नाहीत अशी. ज्याच्यासाठी जीव टाकावा असं एकच होतं, आणि ते मेहुण्याच्या गावामागच्या डोंगरावर उभं होतं. ऐन तरुणपणी नमुने गोळा करत फिरताना त्यांना तो बांबू दिसला. जगात दुसरीकडे कुठंच नाही असा बांबू. त्यांनी पानं घेतली, पेरं घेतली, कोंबावरची टोपरं घेतली. पण वनस्पतीचं कूळ ठरतं ते फुलावरून. पानं फसवतात, खोड फसवतं. आणि हा बांबू फुलतो आयुष्यात एकदाच, पन्नासेक वर्षांनी, सगळा डोंगर एकदम. फुलला की बी टाकतो आणि मरतो. मागचा फुलोरा ते तिथं पोचण्याच्या बराच आधी होऊन गेला होता.

त्या मुक्कामात ज्या घरात ते उतरले होते, तिथली मुलगी पुढे त्यांची बायको झाली. बांबूचे नमुने मात्र कपाटात बिननावाचे पडून राहिले. शेंगाबाई म्हणायची, "शास्त्रीबुवा, बायको मिळाली, बांबू नाही मिळाला. तेवढ्यावर भागवा की आता."

आणि आज कोंब थांबले होते. फुलायच्या आधीच्या वर्षी बांबू नवे कोंब काढत नाही. सगळी ताकद साठवून धरतो. गवतशास्त्र्यांना हे पुस्तकांतून ठाऊक होतं, तसं मेहुण्याच्या बापाला पुस्तकाशिवायच ठाऊक होतं.

"बाबा म्हणायचे, कोंब थांबले की कुऱ्हाडी उचला," मेहुणा बोलतच होता. "फुलायच्या आत सगळं तोडून टाका. एकदा बी पडलं की ते खाऊन उंदीर माजतात, मग शेतं वाचत नाहीत. मागच्या खेपेला लोक बघत बसले, पुढचं ताईला विचारा. पण दाजी, डोंगर तोडायचा म्हणजे पाच-सहा वर्षं विकायला बांबू नाही. पोटावर पाय आणायचा तो नुसत्या संशयावर कसा आणायचा? गावातले म्हणाले, आधी तुझ्या दाजींना विचार. ते सांगतील तसं करू."

गवतशास्त्र्यांच्या डोळ्यांपुढे तोडलेला डोंगर उभा राहिला, आणि कपाटातले ते नमुने. तोडलं की फूल नाही. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत त्यांची स्वतःची राखसुद्धा उरणार नव्हती.

"पाऊस लांबला ना यंदा," ते म्हणाले. "त्यानंही होतं असं कधीकधी."

"म्हणजे तोडायला नको?"

"उगाच घाई करू नका. थोडं थांबा."

"बरं झालं विचारलं," मेहुणा म्हणाला. त्याचा सुटकेचा निःश्वास इतक्या लांबून स्पष्ट ऐकू आला. "मी सांगतो सगळ्यांना."

धडधडीत खोटं असं त्यात काही नव्हतं. पाऊस लांबला की कोंब कमी येतात, हे खरंच आहे. पण एकसुद्धा येत नाही, असं कधी होत नाही.

"कोण, धाकटा होता का?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं. "काय म्हणतोय?"

"काही नाही. सहज खुशाली विचारायला केला होता."

ती धान्याचा डबा बंद करत होती. झाकण दाबून लावलं आणि वर दगडी वरवंटा ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात उंदीर कधी औषधालाही दिसला नव्हता, पण लग्न झाल्यापासून तिच्या डब्यावर वरवंटा असायचाच. मागच्या फुलोऱ्याच्या वेळी ती पाच-सहा वर्षांची होती. तिच्या पाठची बहीण त्या वर्षी गेली. एवढंच तिनं एकदा सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. आपल्या माहेरचं जे संकट, तीच आपल्या नवऱ्याची आयुष्यभराची आस आहे, हे तिला लग्नाच्या दिवशीही ठाऊक होतं. पण फुलोरा लांब होता, आणि लांबच्या गोष्टींबरोबर माणसं खुशाल संसार करतात.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात शेंगाबाईनं त्यांना कोऱ्या टिपकागदांचे गठ्ठे बांधताना पकडलं.

"काय हो, कुणाचं लग्न काढलंय? चेहरा बघा कसा फुललाय."

गवतशास्त्र्यांच्या पोटात गोष्ट राहीना. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेंगाबाईचं हसू मावळलं.

"आणि त्यांना काय सांगितलंत?"

"थोडं थांबा म्हणालो."

"शास्त्रीबुवा!"

"अहो, फुलं तेवढी हातात पडू देत. बी धरायच्या आत मीच सांगतो त्यांना, तोडा म्हणून. कुणाचं काही बिघडत नाही."

"फुलांवर भागतंय होय तुमचं?" शेंगाबाई हळूच म्हणाली. "बी धरलेल्या फळाशिवाय बांबूचं वर्णन अर्धंच राहतं, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी कागदाच्या गठ्ठ्याला गाठ मारायला घेतली, ती दोनदा सुटली.

फुलोऱ्याची खबर ऐन थंडीत आली. गवतशास्त्र्यांनी बॅग भरली, तेव्हा बायकोनंही आपली पिशवी भरून दारात ठेवली होती. "मी येतेय," एवढंच ती म्हणाली. गाडीत सगळा वेळ ती खिडकीबाहेर बघत होती, आणि हे मांडीवरच्या भिंगाच्या डबीशी चाळा करत होते.

लांबून डोंगर पिवळट तांबूस दिसत होता, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. जवळ गेल्यावर दिसलं, पानं झडून गेली होती आणि प्रत्येक काडीवर तुसांचे झुबके होते. दुसऱ्या कुणी त्याला फूल म्हटलंही नसतं. गवतशास्त्री मात्र निवृत्तीला टेकलेल्या वयात पोरासारखे चढण चढून गेले. पहिला झुबका भिंगाखाली धरला. तुसांतून सहा पिवळे परागकोश लोंबत होते आणि मधून पिसासारखी तीन टोकं डोकावत होती. हे फूल आजवर कुठल्याच वनस्पतिशास्त्रज्ञानं पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही, आणि याची त्यांना तिथल्या तिथं थोडी लाजही वाटली.

ते खाली उतरले तेव्हा मेहुणा आठ-दहा माणसांना घेऊन वाटेत उभा होता. सगळ्यांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या.

"दाजी, तुमचं काम झालं ना? पाऊस लांबल्याचं नव्हतं हे. चालायचं, तुम्ही तरी काय करणार. आता तोडू ना? अजून बी धरलेलं नाही."

गवतशास्त्र्यांनी काखेतल्या फुलांकडे पाहिलं. मग वर डोंगराकडे.

"ओला बांबू आहे," ते म्हणाले. "आत्ता तोडलात तर जाळायला गेलं तरी जळणार नाही, नुसता कुजत पडेल. ऊन तापू दे. मी येतोच तेव्हा, मग तोडा."

"बी पडणार नाही ना तोवर?" हे बायकोनं विचारलं. ती कधी येऊन मागे उभी राहिली होती, त्यांना कळलंच नव्हतं.

"मी सांगतोय ना."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या. मेहुणा म्हणाला, "चला रे. ते सांगतायत तर बरोबरच असणार." बायकोनं पदर गच्च ओढून घेतला.

ऊन तापायच्या आधीच गरम वारा सुटला, आणि दोन दिवसांत डोंगरभर बी सांडलं. गवतशास्त्री धावतपळत पोचले तेव्हा पावलाखाली दाण्यांचा थर होता. तोडण्यात आता काही राम उरला नव्हता. त्यांनी खाली बसून ओंजळभर बी कागदाच्या पुड्यांत भरलं. त्यांच्या मागच्या झुडपात काहीतरी खसफसत होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या पावसात बातम्या येऊ लागल्या. आधी मेहुणा हसत सांगायचा, "उंदीर फार झालेत, मांजरं लठ्ठ झाली." मग हसणं थांबलं. डोंगरावरचं बी संपलं आणि उंदीर खाली शेतात उतरले. एक दिवस त्यानं सांगितलं, उभं पीक रातोरात गेलं. बायको त्याच दिवशी निघाली. गवतशास्त्री आठवड्याभरानं गेले.

डोंगर करडा, मेलेला उभा होता. वाऱ्यानं वाळके बांबू एकमेकांवर आपटत होते. शेतातलं पीक गुडघ्यापासून कापल्यासारखं आडवं झालं होतं, आणि दाणे खाऊन टाकलेली नुसती ताटं चिखलात पडली होती. घरातलं कोठार तळातून पोखरलं होतं. दिवसाउजेडी माळ्यावर पावलं वाजत होती, आणि घरातलं कुणी त्या आवाजानं आता वर बघतही नव्हतं.

अंगणात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बोट केलं. "हा एवढा शिकलेला माणूस. जन्मभर हेच करतोय म्हणे. याला नाही कळलं?"

"काका, तोंड सांभाळा," मेहुणा कडाडला. "आमच्या दाजींना कळलं असतं, तर त्यांनी सांगितलं नसतं का? त्यांची बायको याच घरची आहे. पुस्तकात नसतं हे सगळं."

गवतशास्त्र्यांना तिथं उभं राहवेना. ते घरामागे गेले. बायको तिथं पोखरलेल्या कोठाराला माती लिंपत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिनं.

"अगं, फुलोरा येणारच होता. तो काय माझ्या हातात होता?"

"फुलोरा नव्हता. तोडणं होतं. ते तुम्ही थांबवलंत. एकदा नाही, दोनदा."

मातीचा गोळा तिच्या हातात तसाच होता. ते म्हणाले, "नाव अजून दिलेलं नाही मी त्या बांबूला. तुझं द्यायचं मनात होतं. पहिल्यापासून."

"माझं नको."

"मी तुझ्या भावाला सांगतो सगळं. आत्ता जाऊन सांगतो."

"अजिबात नाही." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "सांगाल आणि मोकळे व्हाल. आणि तो? त्याच्या घरात दाणा राहिला नाही. एक तुमच्यावरचा विश्वास राहिलाय, तोही नेणार? तुमचं ओझं तुम्ही वाहा." मग ती पुन्हा लिंपायला लागली. "मी इथंच राहतेय. पुढचं पीक घरात येईस्तोवर."

"आणि त्यानंतर?"

तिनं वाकून मातीचा दुसरा गोळा उचलला.

निघताना मेहुणा गाडीपर्यंत सोडायला आला. त्याची दोन पोरं बापाच्या मागं मागं चालत होती. गाडी हलायला लागल्यावर त्यानं खिडकीतून एक फडक्याची पुरचुंडी आत दिली.

"हे काय? नको, नको रे. तुम्हालाच—"

"ठेवा हो दाजी. ताई इकडं, तुमच्या खाण्यापिण्याची आबाळ होणार. घरच्या धान्याचे दाणे आहेत. पोरांनी बसून निवडलेत."

नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी पुरचुंडी मांडीवर घेतली.

घरी आल्यावर त्यांनी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं आणि टेबलावर कोरा कागद पसरून दाणे ओतले. दोन-तीन मुठी असतील. हाताला जन्माची सवय होती. चिमट्यानं ते एकेक दाणा बाजूला करू लागले. चांगले उजवीकडे, कुरतडलेले डावीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला. डावीकडे कागद कोराच राहिला. त्यांना वाटलं, नजर काम देत नाही. त्यांनी भिंग आणलं आणि पहिल्यापासून पुन्हा सगळे दाणे बघितले. एकाही दाण्याला दात लागलेला नव्हता. त्या पोखरलेल्या कोठारातून इतके अखंड दाणे वेचायला पोरांना किती वेळ बसावं लागलं असेल, आणि कुरतडलेले आज कुणाच्या ताटात असतील, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पातेल्यातलं पाणी उकळलं, आटत आटत तळाला गेलं, आणि भांडं जळल्याचा वास घरभर पसरला, तरी कागदावरचा एक दाणा उचलून पातेल्यात टाकणं त्यांना जमलं नाही.